लादीखालची ओल

स्लॅबवर लादी बसवण्यापूर्वी गवंडी वाळू-सिमेंटचा दोन-तीन इंचांचा थर पसरतो. त्याच्या भाषेत तो नुसता ‘माल’. घरातली गाडलेली पाण्याची लाइन बहुतेक वेळा या मालातून जाते. डक्टमधून आत येते, बाथरूमच्या उंबऱ्याखालून वळते आणि ओट्यापाशी पोचली की भिंतीत चढून नळाच्या तोंडाने बाहेर डोकावते. तेवढे तोंड सोडले तर घरात तिचा मागमूस नसतो. तो नसावा म्हणूनच तिला गाडलेले असते. पंधरा-वीस वर्षांनी ती गळू लागते तेव्हाही घरमालकाला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो खालच्या मजल्यावर राहणाऱ्याला.

बाथरूम-संडासाखाली मामला आणखी खोल. तिथला स्लॅब बाकीच्या घरापेक्षा सुमारे एक फूट खाली ओतलेला असतो. त्या खड्ड्यात आधी वॉटरप्रूफिंग, मग सांडपाण्याचे पाइप, त्यांच्याभोवती विटांच्या तुकड्यांचा भराव, वर कोबा आणि सगळ्यांत शेवटी लादी. वीट पाणी पिते आणि धरून ठेवते. एकदा भिजलेला हा भराव मे महिन्यातही सुकत नाही, कारण त्याला वारा लागायला वाटच नसते. या खड्ड्यात जाळीखाली जो सापळा बसवतात त्याचे नाव ‘न्हाणी ट्रॅप’. इंग्रजीत लिहिलेल्या भारतीय अभियांत्रिकीच्या पुस्तकांतही हेच नाव छापलेले असते. दगडी न्हाणी घरांतून गेली, शब्द मात्र पाठ्यपुस्तकात जाऊन बसला.

नवी मुंबईत हा विषय आता वयाचा झाला आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडली. १७ मार्च १९७० रोजी हे शहर उभारण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि पहिली वस्ती वाशीत उभी राहिली. ‘नवी’ म्हणवणाऱ्या या शहरातल्या सुरुवातीच्या इमारती त्यामुळे आज चाळिशीच्या पुढे गेल्या आहेत. त्या घरांत नळ अनेक ठिकाणी भिंतीवरून उघडेच फिरवलेले होते. दिसायला ते ओबडधोबड होते, पण गळले तर त्याच दिवशी कळत असे. पुढे पैसा आला, घरे नवी करून घेण्याची लाट आली आणि स्वयंपाकघराचे तोंड फिरले. वास्तूसाठी म्हणा, जागेसाठी म्हणा, ओटा या भिंतीवरून त्या भिंतीवर गेला. त्याच्यामागे नळही गेला, आणि तो लादीखालून गेला. मूळ नकाशात नसलेली ही लाइन कुठून कशी वळली हे एकट्या प्लंबरला माहीत असते, आणि तो प्लंबर दोन वर्षांनी शहराच्या दुसऱ्याच भागात काम करत असतो.

जुनी लाइन जीआय पाइपची. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड. पाइपावरच्या रंगीत पट्ट्यावरून त्याची जाडी ओळखतात: निळा पट्टा ‘बी क्लास’, लाल पट्टा ‘सी क्लास’. पाइप विकत घेताना लोक पट्टा पाहतात, पण पाइप बहुधा पट्ट्याजवळ फुटत नाही, आट्यांजवळ फुटतो. दोन पाइप जोडण्यासाठी टोकाला आटे पाडले की तिथला जस्ताचा थर खरवडून निघतो आणि भिंतही पातळ होते. त्या उघड्या लोखंडावर प्लंबर धागा गुंडाळतो, सफेदा फासतो आणि पान्याने आवळतो. जोड नवा असताना पक्का असतो. धागा कुजतो, लोखंड गंजते आणि मग एखाद्या एल्बोपाशी घाम आल्यासारखी ओल सुटते. मालात वापरलेली रेती न धुतलेल्या खाडीची असेल तर त्यातले मीठ हेच काम जास्त वेगाने करते.

नंतर आलेला पिवळसर पांढरा सीपीव्हीसी पाइप गंजत नाही. त्याचे दुखणे वेगळे. गरम पाण्याने तो लांबतो आणि गार झाला की आखडतो. तीन मीटर लांबीच्या तुकड्याचे तापमान चाळीस अंशांनी वाढले तर सीपीव्हीसी सुमारे आठ मिलिमीटर वाढू पाहतो. लोखंडी पाइप तेवढ्याच तापाला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतो. मालात घट्ट जखडलेल्या पाइपाला ही वाढ घ्यायला जागा मिळत नाही. मग सारा ताण वळणावरच्या जोडावर येतो, आणि तो जोड घाईत चिकटवलेला असेल, सोल्यूशन वाळायच्या आत पाणी सोडलेले असेल, तर रोज सकाळच्या आंघोळींनी तो थोडा थोडा सैल होत जातो. गीझरची लाइन गार पाण्याच्या लाइनीआधी दगा देते त्याचे एक कारण हे.

गाडलेल्या नळ्यांचा हा धडा थंड देशांनी फार मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन ही हजारो घरांची वसाहत उभारली गेली. तळघर नसलेल्या त्या घरांत काँक्रीटच्या जमिनीत तांब्याच्या नळ्यांची वेटोळी गाडली होती. त्यांतून गरम पाणी फिरे आणि जमीन उबदार राही. पुढच्या दशकांत नळ्या गळू लागल्या. एक ठिगळ लावले की दुसरीकडे फुटे. अनेक घरमालकांनी शेवटी जमिनीतले जाळे तसेच सोडून दिले आणि भिंतीच्या कडेने नवे हीटर बसवून घेतले. नवी मुंबईत जमीन तापवण्याची गरज जानेवारीतही पडत नाही. तरीही लादीचा एखादा तुकडा कोमट लागू शकतो. बाथरूमच्या दारापाशी अनवाणी पायाला ऊब जाणवली, घरात कुणी गरम पाणी घेतलेले नसताना गीझरचा दिवा पुन्हा पुन्हा पेटू लागला, तर गरम लाइन खाली कुठे तरी रिकामी होते आहे असे समजावे. घरात चपला न घालणाऱ्या माणसांच्या तळपायांना हे थर्मल कॅमेऱ्याआधी कळते.

बहुतेकांना मात्र ते डागावरून कळते. खालच्या घराच्या छताला आधी ताटलीएवढी फिकट वर्तुळे उमटतात, मग रंगाला फुगे येतात, खार फुटतो, पोपडे सुटतात. इथे अनुभवी माणूस आणि नवशिका यांच्यातला फरक दिसतो. नवशिका डागाच्या बरोबर वर जाऊन लादी फोडतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार. पाणी सरळ खाली पडत नाही. मालातून ते स्लॅबच्या उताराने सरकते, पाइपाच्या अंगाने वाहते, तुळईपाशी अडते आणि स्लॅबमध्ये गाडलेली विजेच्या तारांची नळी सापडली तर तिच्यातून थेट दिवाणखान्याच्या मध्यावर येऊन पंख्याच्या हुकातून ठिबकू लागते. बाथरूम दहा फूट लांब, आणि पाणी पंख्यातून. अशा वेळी प्लंबरच्याही आधी त्या पॉइंटचा वीजपुरवठा बंद करायला हवा. हे सांगावे लागू नये, पण लागते.

मग सुरू होतो वरच्या-खालच्यांचा संवाद. खालच्या काकू दोन जिने चढून जातात आणि वरच्या वहिनींना विनयाने सांगतात की तुमच्याकडून पाणी येते आहे. वरच्या वहिनी त्यांना आत बोलावून कोरडी ठणठणीत लादी दाखवतात. ‘बघा ना काकू, आमच्याकडे थेंबही नाही.’ दोघीही खरे बोलत असतात. पाणी वरच्या घराचे असते आणि ओल खालच्या घराची, ही या गळतीची मोठीच खोडी आहे. ज्याच्या घरात बिघाड असतो त्याला त्रास नसतो आणि ज्याला त्रास असतो त्याच्या हातात दुरुस्ती नसते. शिवाय बहुतेक सोसायट्यांत पालिकेचा मीटर इमारतीला मिळून एकच असतो. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला चार लिटरांहून जास्त पाणी जाते. पण खालापूरजवळच्या मोरबे धरणातून आणलेले हे पाणी कुणाच्या लादीखाली मुरले याचा हिशेब कुठल्याच घराच्या बिलात उमटत नाही. ‘कुठे तरी पाणी मुरतंय’ असे मराठी माणूस संशयाने म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात असलीच एखादी इमारत असावी.

कायद्याची बाजू त्या मानाने साधी आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून झिरपणारे पावसाचे पाणी आणि सामाईक पाइपांची गळती हा सोसायटीचा खर्च. घरातल्या संडास-बाथरूम, सिंक यांच्यामुळे होणारी गळती त्या त्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने थांबवायची. भांडण कलमावर होत नाही. गळती नक्की कोणत्या पाइपाची, यावर होते. म्हणून शोध हाच दुरुस्तीचा मोठा भाग, आणि त्याला हत्याराच्या आधी घड्याळ लागते.

ठिबकण्याची वेळ लिहून ठेवावी. दिवसरात्र सारख्याच गतीने ठिबकत असेल तर संशय दाबाखालच्या लाइनीवर, म्हणजे नळाच्या पाण्यावर. सकाळी सात ते नऊ वाढून दुपारी मंदावत असेल तर आंघोळीच्या सांडपाण्यावर, न्हाणी ट्रॅपवर किंवा त्याच्या भोवतीच्या जोडावर. जुलैत येऊन नोव्हेंबरात थांबत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीची कड नाही तर गच्ची. नवी मुंबईचा पाऊस असा की या तीनही गळत्या एकमेकींत मिसळून जातात, म्हणून खरा निवाडा एप्रिल-मेमध्ये होतो. तेव्हा जे गळते ते घरातले. तरी एक फसवा साक्षीदार उरतोच: एसीचे पाणी. त्याची नळी भिंतीत तुंबली की भर उन्हाळ्यात डाग उमटतो, आणि प्लंबर बिचारा बाथरूम फोडत बसतो.

वेळेनंतर चाचण्या. न्हाणीचे तोंड बोळ्याने बंद करून बाथरूममध्ये दोन इंच पाणी साठवतात, कडेला पेन्सिलीची खूण करतात आणि दोन दिवस थांबतात. पाण्यात खाण्याचा रंग मिसळला तर खालच्या छतावर तोच रंग उतरतो का हेही पाहता येते. हे झाले लादीच्या सांध्यांचे आणि सांडपाण्याचे. नळाच्या लाइनीसाठी घरातले सारे नळ काढून तोंडांना डमी लावतात, गरम आणि गार लाइन वेगळ्या करतात आणि हातपंपाने एकेकीत दाब भरतात. काटा स्थिर राहिला तर ती लाइन निर्दोष. हळूहळू खाली आला तर गुन्हेगार सापडला. ही चाचणी स्वस्त आहे, तासाभरात होते आणि तिच्यात मताला जागा नसते. इमारतीत भांडण लागले असेल तर वरच्या-खालच्या दोघांनीही काट्यासमोर उभे राहावे; पुढची अर्धी कटुता तिथेच संपते.

दोषी लाइन कळली तरी जागा कळायची असते. जुना प्लंबर पान्याच्या दांड्याने लादीवर टकटक करत जातो. भरीव आवाज बदलून पोकळ लागला तर खाली माल भिजून भुसभुशीत झालेला असू शकतो. लोखंडी कांब लादीला टेकवून दुसरे टोक कानाशी धरणे हाही जुनाच उपाय. रस्त्याखालची गळती शोधताना पाणीखात्याची माणसे रात्रीच्या शांततेत हेच करत आली आहेत. आता मायक्रोफोन आले आहेत, थर्मल कॅमेरे आले आहेत. कॅमेऱ्याबद्दल एक गैरसमज पक्का रुजला आहे: त्याला भिंतीच्या आतले दिसते. त्याला फक्त पृष्ठभागाचे तापमान दिसते. गरम लाइनीत गरम पाणी सोडून पाहिले तर तो फार उपयोगी. गार पाण्याच्या गळतीत तो सबंध ओला पट्टा निळा दाखवतो, आणि ओला पट्टा तर आधीच डोळ्यांना दिसत असतो.

जागा सापडली की तोडफोड. कडेने ग्राइंडरने सांधा कापून लादी सुटी करायची, मग छिन्नी-हातोड्याने माल काढायचा. ब्रेकर मशीन लावण्याचा मोह टाळावा. त्याच्या हादऱ्याने शेजारचे दोन जोड निखळतात आणि कामाचे दिवस वाढतात. ओल्या लाइनीचा खराब तुकडा कापून काढताना पाइप कुठपर्यंत कुजला आहे हे पाहावे लागते. कुजका जीआय कापला की बाजूचा पाइप पान्याच्या पकडीतच चुरगळतो, आणि एक फुटाचे काम खोलीभर पसरते. जुन्या जीआयला नवा सीपीव्हीसी जोडायचा तर पितळी आट्यांचा जोड लागतो. घरमालकाचे दुःख मात्र वेगळेच असते. वीस वर्षांपूर्वीची ती लादी आता बाजारात मिळत नाही. दुकानदार कॅटलॉग चाळतो, मान हलवतो. म्हणून पाइपाला एक तुकडा आणि जमिनीला एक विजोड चौकोन असे जोडकाम घराघरांत दिसते. त्यावर पायपुसणे टाकलेले असते.

जोड झाला की लगेच माल भरून टाकण्याची घाई होते, आणि सर्वांत जास्त कामे इथे बिघडतात. पाइप उघडा असतानाच पुन्हा दाब भरून तो रात्रभर ठेवायला हवा. बाथरूम असेल तर वॉटरप्रूफिंग भिंतीवर किमान फूटभर चढवून, पुन्हा पाणी साठवून, खालच्या घरात जाऊन पाहून मगच लादी. एवढे दिवस बाथरूम बंद कोण ठेवणार, हा प्रश्न खराच आहे. एका बाथरूमच्या घरात तर चार माणसांनी शेजाऱ्यांकडे बादल्या घेऊन जायचे असते. त्या गैरसोयीपोटी लोक दुसरा रस्ता धरतात: खालून स्लॅबला भोके पाडून रसायन भरणे. याने ठिबकणे थांबते. पाणी थांबत नाही. ते स्लॅबच्या पोटात अडकते आणि नवी वाट शोधते. तडा बारीक असेल आणि मूळ गळती बंद केलेली असेल तर हा उपाय चांगला. मूळ चालू ठेवून केलेला तो निव्वळ देखावा.

कारण खरे नुकसान छताच्या रंगाचे नसते. ताजे काँक्रीट अल्कधर्मी असते, आणि त्या गुणामुळे आतल्या सळईवर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. झिरपणारे पाणी काँक्रीटमधला चुना विरघळवून बाहेर आणते. पार्किंगच्या छताला लोंबणाऱ्या पांढऱ्या नळ्या म्हणजे तोच चुना, गुहेतल्या लवणस्तंभांचा धाकटा भाऊबंद. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि खाडीचे क्षार सळईपर्यंत पोचले की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी पट जागा मागतो. कामगार म्हणतात, ‘सळ्या फुगल्या.’ फुगलेली सळई खालचे काँक्रीट ढकलून पाडते. वाशीच्या सेक्टर ९ आणि १० मधल्या जेएन-१, जेएन-२ प्रकारच्या इमारती छताचे तुकडे कोसळण्यासाठी वर्षानुवर्षे बातम्यांत राहिल्या. तिथली कारणे बांधकामाच्या दर्जापर्यंत जातात, सगळा दोष नळावर टाकता येणार नाही. पण सुदृढ स्लॅबलाही सततची ओल दहा-पंधरा वर्षांत त्याच वाटेला लावू शकते. तीस वर्षे उलटलेल्या इमारतींना संरचना परीक्षण कायद्याने बंधनकारक केले आहे त्यामागे हाच अनुभव आहे.

एक-दोन ठिगळांनंतरही गळत राहिलेल्या लाइनीला खरे तर सोडून द्यावे. लेव्हिटटाउनने केले तेच: दोन्ही टोकांना डमी मारून जुनी लाइन जमिनीतच मरू द्यायची आणि नवी लाइन छताजवळून, भिंतीवरून किंवा बाहेरच्या अंगाने परांची बांधून न्यायची. लादी फुटत नाही, बाथरूम दोन दिवसांत मोकळे होते, पुढची गळती डोळ्यांना दिसते. घरमालक नाक मुरडतो ते नळ दिसेल म्हणून. त्यावर पेटीसारखे आच्छादन करता येते; अट एवढीच की ते स्क्रूने उघडावे.

लपवण्यात मुळात काही गैर नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणले तेही जमिनीखालूनच. पण तो दगडी नळ माणूस आत उतरून चालू शकेल एवढा केला होता आणि वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. गाळ साचला तर कुठून उतरायचे हे बांधतानाच ठरलेले होते. मालात पुरलेल्या अर्ध्या इंची पाइपाला उच्छ्वास ठेवता येत नाही, त्याची जागा मात्र नोंदवता येते. घराचे काम काढणाऱ्याने लादी बसण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक खोलीतल्या उघड्या लाइनीचे फोटो काढावेत, भिंतीपासूनचे अंतर कळेल अशी मोजपट्टी शेजारी ठेवून काढावेत, आणि त्यांची एक प्रत घराच्या करारनाम्याच्या फाइलीत लावावी, दुसरी सोसायटीच्या दप्तरी द्यावी.